‘पीए’ आहेस? कोणाची?

डॉक्टर नाही, नर्स नाही; पण पेशंटच्या उशाशी सगळ्यांत जास्त वेळ असणारं माणूस. ‘फिजिशियन असिस्टंट’ या हटके करिअरची गोष्ट... आणि फी भरण्याआधी विचारायचे काही अवघड प्रश्न.

बाबांची बायपास झाली तेव्हा मी पाच रात्री हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाकड्यावर काढल्या. मांडीवर लॅपटॉप, भिंतीवरच्या एकुलत्या एका प्लगला मोबाइल आणि दर दोन तासांनी मशीनचा गोडमिट्ट चहा. सर्जन सर सकाळी साडेसातला राउंडला यायचे. मागे पाच-सहा जणांचा ताफा. फाइल चाळायची, बाबांचा खांदा थोपटायचा, ‘एक्सलंट!’ म्हणायचं, की पुढचा बेड. तिसऱ्या दिवशी मी चक्क घड्याळ लावलं. साडेतीन मिनिटं!

सरांना दोष नाही. ऑपरेशन झकास झालं होतं आणि खाली थिएटरमध्ये पुढचा पेशंट त्यांची वाट बघत होता. पण उरलेले तेवीस तास साडेछप्पन्न मिनिटं बाबा कोणाच्या भरवशावर होते? तर सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या एका मुलीच्या. पायाची शीर जिथून काढली तिथल्या टाक्यांमधून पाणी येतंय का, हे ती बघायची. पोटॅशियमचा रिपोर्ट आला नाही म्हणून लॅबला फोन ती करायची. रात्री दोन वाजता बाबांचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले, तेव्हा सिस्टरनी तिलाच उठवलं. तिने ईसीजी काढला, सरांना फोनवर वाचून दाखवला आणि त्यांनी सांगितलेलं औषध सुरू केलं. डिस्चार्जच्या दिवशी ‘लोणचं-पापड बंद म्हणजे बंद, नुसती फोडसुद्धा नाही’ हे आईला पटवायचं महाकठीण कामही तिचंच.

आम्ही तिला ‘मॅडम’ म्हणायचो. डिग्री बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची. कागदावरचं पद आरएमओ. काम मात्र असं, की ज्याला जगात काही ठिकाणी वेगळं नाव आहे, वेगळं कॉलेज आहे आणि वेगळी परीक्षा आहे. फिजिशियन असिस्टंट. शॉर्टमध्ये पीए.

आता प्रॉब्लेम बघा. आपल्याकडे पीए म्हटलं की आमदारसाहेबांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून दोन-दोन मोबाइल सांभाळणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हा कोर्स करणाऱ्या मुलीला लग्नाच्या हॉलमध्ये आत्या विचारणार, ‘काय करतेस हल्ली?’ ती सांगणार, ‘पीए आहे.’ आणि मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवून आत्या विचारणार, ‘कोणाची?’

हसू नका. या करिअरचा सगळा घोळ त्या एका प्रश्नात आहे.

नेव्हीतले चार जण

ही गोष्ट सुरू होते अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक युनिव्हर्सिटीत. वर्ष १९६५. तिथले मेडिसिनचे प्राध्यापक डॉ. युजीन स्टेड डॉक्टरांच्या टंचाईने वैतागले होते. आधी त्यांनी अनुभवी नर्सना जास्तीचं मेडिकल शिक्षण द्यायचा घाट घातला, पण नर्सिंगच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यताच दिली नाही. मग त्यांचं लक्ष नेव्हीतून परत आलेल्या कॉर्प्समनकडे गेलं. जहाजावर जखमा शिवलेली, सलाइन लावलेली ही पोरं घरी आली की त्यांच्या अनुभवाला बाहेर काडीची किंमत नसायची. चार जणांना घेऊन दोन वर्षांचा कोर्स सुरू झाला. ६ ऑक्टोबर १९६७ ला त्यातले तिघे पास होऊन बाहेर पडले. जगातले पहिले पीए!

स्टेडसाहेबांसमोर एक चालतंबोलतं उदाहरणही होतं. त्याच राज्यातल्या गारलँड नावाच्या खेड्यात डॉ. एमॉस जॉन्सन यांची प्रॅक्टिस होती आणि बडी ट्रेडवेल हा त्यांचा मदतनीस. डॉक्टरांनी त्याला स्वतःच्या हाताखाली घडवलं होतं. ते बाहेरगावी गेले की दवाखाना तो सांभाळायचा. आपल्याकडच्या जुन्या पेठांमधले कंपाउंडरकाका आठवले ना? डॉक्टर यायच्या आधीच ‘हा मलेरियाच’ म्हणून मोकळे होणारे? फरक इतकाच, की अमेरिकेने कंपाउंडरकाकांना कॉलेजात घातलं, परीक्षेला बसवलं आणि लायसन्स दिलं. आपण त्यांना पुड्या बांधायला ठेवलं.

सत्तावीस महिन्यांची भट्टी

आज अमेरिकेत पीए व्हायचं तर मास्टर्सच करावं लागतं. तीनशेहून जास्त प्रोग्रॅम आहेत. पण ग्रॅज्युएट झालात आणि फॉर्म भरला, असं नाही. केमिस्ट्री, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी हे विषय आधी झालेले हवेत. वर पेशंटला प्रत्यक्ष हात लावून केलेल्या कामाचे तास! कोणी ॲम्ब्युलन्सवर काम करतं, कोणी वृद्धाश्रमात अंघोळ घालायचं, कूस बदलायचं काम. मला हे फार आवडलं. आपल्याकडे मेडिकलला जाणारं पोर ॲडमिशनआधी आयुष्यात कधी बेडपॅन उचलत नाही.

मग साधारण सत्तावीस महिने. पहिलं वर्ष वर्गातलं. ॲनाटॉमी, औषधशास्त्र, रोगांची कारणं, ईसीजी वाचणं, टाके घालणं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पेशंटशी बोलणं. यासाठी चक्क पैसे देऊन नट आणतात. पोटात दुखतंय असं सोंग घेऊन तो टेबलवर झोपतो. तुम्ही प्रश्न विचारायचे, पोट तपासायचं आणि मास्तर काचेपलीकडून किंवा कॅमेऱ्यातून मार्क देणार. हात धुतले का? नाव विचारलं का? ‘दारू घेता का?’ हे विचारताना तुमचा चेहरा कसा होता? सगळ्याचे मार्क.

दुसरं वर्ष वॉर्डात. चार-सहा आठवडे फॅमिली मेडिसिन, मग इमर्जन्सी, सर्जरी, लहान मुलं, स्त्रीरोग, मानसोपचार. दर वेळी नवी टीम, नवा बॉस, नवी पार्किंगची जागा. आपल्याला एक प्रोजेक्ट बदलला तरी महिनाभर पोटात गोळा असतो. इथे वर्षभर तेच.

शेवटी राष्ट्रीय परीक्षा. ३०० प्रश्न, साठ-साठचे पाच गठ्ठे, प्रत्येकाला एक तास. मग राज्याचं लायसन्स. पुढे दर दोन वर्षांनी १०० क्रेडिटचं शिक्षण आणि दहा वर्षांच्या सायकलमध्ये पुन्हा परीक्षेची पायरी. त्या बदल्यात मिळतं काय? पन्नासही राज्यांत औषधं लिहून देण्याचा अधिकार. आज ऑर्थोपेडिक्स, दोन वर्षांनी त्वचारोग, असं नव्याने रेसिडेन्सी न करता बदलता येणारं फील्ड. आणि पगार? तिथल्या कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये पीएची मधली कमाई वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार डॉलर होती.

आकडा ऐकून लगेच गुगल उघडलंत ना? थांबा जरा. ती राष्ट्रीय परीक्षा द्यायला अमेरिकेतल्याच मान्यताप्राप्त प्रोग्रॅमची डिग्री लागते. भारतातली पीएची डिग्री तिथे चालत नाही. इतकंच काय, इथला एमबीबीएस डॉक्टरसुद्धा ‘मी वरचं शिकलोय’ म्हणून थेट त्या परीक्षेला बसू शकत नाही. सगळे प्रोग्रॅम परदेशी विद्यार्थ्यांना घेतही नाहीत आणि फी अनेक ठिकाणी लाख डॉलरच्या घरात जाते. तिकडे वाढलेल्या मराठी घरांमधल्या मुलांसाठी हा रस्ता सरळ आहे. कोथरूडहून निघणाऱ्यासाठी तो बराच वळणाचा आणि महागडा आहे.

व्हाया चेन्नई

भारतात हा प्रकार आला १९९२ मध्ये, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये. आणला डॉ. के. एम. चेरियन यांनी. १९७५ मध्ये भारतातली पहिली बायपास करणारे हृदयशल्यविशारद ते हेच. २०२५ च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्यासारख्या सर्जनला असा माणूस का हवा होता, हे तिसऱ्या मजल्यावरच्या बाकड्यावर बसलेल्या कोणालाही सांगता येईल. हार्ट सर्जरी ही एकट्याने करायची गोष्ट नव्हे. छाती उघडलेली असताना पायाची शीर कोणीतरी काढायची असते. आदल्या दिवशी सगळे रिपोर्ट कोणीतरी जुळवायचे असतात. आयसीयूत रात्रभर लघवीचा आणि ड्रेनचा हिशेब ठेवायचा असतो. रेसिडेंट डॉक्टर दोन-तीन वर्षांत शिकून उडून जातो. पीए टिकतो, आणि त्याला सरांची पद्धत तोंडपाठ असते.

म्हणूनच इथे या कोर्सची मुळं दक्षिणेत आणि हृदयरोगाच्या हॉस्पिटलांत आहेत. साधारण रचना अशी : बारावी सायन्स, बायॉलॉजी हवंच, मग तीन वर्षं वर्ग आणि एक वर्ष इंटर्नशिप. पुढे मास्टर्स. अमेरिकेतला पीए खेड्यातल्या फॅमिली डॉक्टरची उणीव भरायला जन्मला, आपला जन्मला सुपर-स्पेशालिस्टचा उजवा हात म्हणून. स्वतःची पाटी लावून दवाखाना उघडता येत नाही, स्वतःच्या अधिकारात औषध लिहून देता येत नाही. हे माहिती नसताना कोर्सला गेलेल्यांचा तिसऱ्या वर्षी भ्रमनिरास होतो.

पुण्यात हे आधीच झालंय!

आता खरी गंमत. ‘असिस्टंट’ तयार करायची आयडिया पुण्याला मुळीच नवी नाही. ससून हॉस्पिटल १८६७ चं. त्याच्या शेजारी १८७८ मध्ये बैरामजी जीजीभॉय मेडिकल स्कूल सुरू झालं. हो, तेच आपलं बीजे! आणि तिथे तेव्हा डॉक्टर नव्हे, ‘हॉस्पिटल असिस्टंट’ घडवले जायचे. सरकारी दवाखान्यांत, प्लेगच्या छावण्यांत, तालुक्याच्या गावी हीच मंडळी असायची. पुढे त्यांना सब-असिस्टंट सर्जन म्हणायला लागले. काम डॉक्टरचं, मान मात्र ‘सब’ आणि ‘असिस्टंट’ अशा दोन पायऱ्या खालचा.

मग आलं १९४६. सर जोसेफ भोर यांच्या समितीने आरोग्यव्यवस्थेवरचा जाडजूड अहवाल दिला. त्यातली एक शिफारस अशी, की कमी मुदतीचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची ही दुसरी फळी बंद करा, देशात एकाच दर्जाचा पूर्ण शिकलेला डॉक्टर असू द्या. समितीतल्याच काही सदस्यांना हे पटलं नव्हतं. पण दिशा ठरली. आणि त्याच १९४६ मध्ये बीजे स्कूलचं बीजे कॉलेज झालं. हेतू चांगलाच होता, खेड्यातल्या माणसाला कमी प्रतीचा डॉक्टर का म्हणून? मात्र मधली पायरी काढली तरी मधलं काम कुठे जाणार? ते राहिलंच. फक्त त्याला नाव उरलं नाही.

खुर्ची रिकामी आहे का?

म्हणजे पुण्यातल्या पीएपुढचा खरा प्रश्न अभ्यासाचा नाही. खुर्चीचा आहे. आणि त्या खुर्चीत आधीच कोणीतरी बसलंय. आमच्या ‘मॅडम’!

पुण्याला आयुर्वेदाची परंपरा मोठी. रास्ता पेठेतलं टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ चं. राज्यभरातून दरवर्षी बीएएमएस आणि बीएचएमएस होऊन बाहेर पडणारी मुलं खासगी हॉस्पिटलांच्या रात्रपाळ्या सांभाळतात. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ ॲम्ब्युलन्स सुरू झाली, तेव्हा आपल्या राज्याने गाडीत टेक्निशियनऐवजी डॉक्टर बसवला. त्यातले बरेच जण याच मंडळींपैकी. सिम्बायोसिससारख्या संस्थेत इमर्जन्सी सेवेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, तोही अशा पदवीधरांना खुला आहे. म्हणजे चेन्नईने जे काम पीएकडून करून घेतलं, ते पुण्याने आयुर्वेद-होमिओपॅथीच्या डॉक्टरकडून करून घेतलं.

यात हॉस्पिटलची सोय अशी, की नावामागे ‘डॉक्टर’ असतं, त्यामुळे नातेवाईक प्रश्न विचारत नाहीत. आणि तोटा कोणाचा? साडेपाच वर्षं नाडी, दोष, द्रव्यगुण शिकलेली मुलगी इन्सुलिनचा पंप आणि व्हेंटिलेटर नोकरीवर, बघून बघून शिकते. ती शिकते, उत्तम शिकते. आमच्या बाबांना तिने सांभाळलं, मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण तिच्या कामाची परीक्षा कोणी घेतली नाही, तिला काय करता येतं आणि काय नाही याचा कागद कोणी दिला नाही. उद्या काही चुकलं तर खापर तिच्या डोक्यावर. स्पष्ट सांगायचं तर हा हॉस्पिटलांना स्वस्त पडणारा जुगाड आहे.

सरकारला हे कळत नाही असं नाही. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी २०१४ मध्ये कायदा बदलून आधुनिक औषधांचा एका वर्षाचा अभ्यासक्रम आणला गेला. तो पूर्ण केलेल्यांची नोंद मेडिकल कौन्सिलकडे करायची की नाही, यावरून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्यातले ॲलोपॅथीचे डॉक्टर एक दिवस संपावर गेले. या सगळ्या भांडणात पीएचं नाव निघतं का? अजिबात नाही. तो बिचारा रांगेतही नाही.

असिस्टंट की असोसिएट?

पण अगदीच अंधार नाही. मार्च २०२१ मध्ये संसदेने अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा राष्ट्रीय कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, ऑप्टोमेट्रिस्ट, डायलिसिस टेक्नॉलॉजिस्ट यांच्यासोबत त्याच्या यादीत हे प्रोफेशनही आलं, आणि नाव ठरलं ‘फिजिशियन असोसिएट’. त्याआधी जवळजवळ तीस वर्षं पीए मंडळी काम करत होती, पण त्यांची देशपातळीवर कायद्याने नोंद ठेवणारी व्यवस्थाच नव्हती. आता कायद्याप्रमाणे राज्याराज्यांत कौन्सिल आणि रजिस्टर. कायद्याने तासही मोजलेत : ‘अलाइड’ म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं शिक्षण, ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ म्हणवून घ्यायला किमान ३,६००.

नावाची गंमत इथे संपत नाही. त्याच २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या पीएंच्या संघटनेने ठरवलं, की आपण ‘असिस्टंट’ नाही, ‘असोसिएट’. आणि ब्रिटनमध्ये? तिथे ‘असोसिएट’च म्हणायचे. डॉक्टरांची ओरड सुरू झाली, की पेशंटना वाटतं हा डॉक्टरच आहे. २०२५ च्या जुलैमध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या अहवालाने शिफारस केली, की नाव पुन्हा ‘असिस्टंट’ करा आणि ज्याचं निदानच झालेलं नाही अशा पेशंटला त्यांनी बघू नये. म्हणजे अमेरिका इकडून तिकडे, ब्रिटन तिकडून इकडे. लग्नाच्या हॉलमधल्या आत्या आणि लंडनमधले डॉक्टर एकच प्रश्न विचारतायत.

फॉर्म भरण्याआधी

हा लेख वाचणाऱ्यांत हिंजवडीच्या बसमध्ये बसलेलं कोणीतरी असेल, ज्याचं मेडिकल थोडक्यात हुकलं आणि ज्याला अजून हॉस्पिटलच्या वासाने उचंबळून येतं. कोणाची धाकटी बहीण बारावीला असेल. त्यांच्यासाठी माझं मत सांगते.

कॉलेजच्या ब्रोशरवरच्या निळ्या गाऊनमधल्या हसऱ्या चेहऱ्यांना भुलू नका. आधी विचारा, या कोर्सचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, आणि त्यात हृदय, न्यूरो, इमर्जन्सी असे जड विभाग चालतात का. रिकाम्या वॉर्डात पीए घडत नाही. मग कोर्सचे एकूण तास लेखी मागा आणि ते कायद्यातल्या आकड्याशी ताडून बघा. नोंदणी कुठे होणार, हे विचारा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर कोणती प्रोसेस, तेही विचारा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मागच्या तीन बॅचची मुलं आज कुठे, कोणत्या पदावर आहेत? पे-स्लिपवर ‘फिजिशियन असिस्टंट’ लिहिलंय की ‘फ्लोअर को-ऑर्डिनेटर’? दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुण्यातच राहायचा हट्ट असेल, तर इथल्या दोन-तीन मोठ्या हॉस्पिटलांच्या एचआरला सरळ फोन लावा आणि हे पद तुमच्याकडे आहे का, एवढंच विचारा. पाच मिनिटांचा फोन चार वर्षं वाचवेल.

आणि एक प्रश्न स्वतःला. दारावर ‘डॉ.’ची पाटी नसली तर चालेल? रात्रभर जागून पेशंटला वाचवल्यावर सकाळी नातेवाईक पेढे सरांनाच देणार. ते बघून पोटात दुखणार असेल, तर हे तुमचं काम नव्हे. नसेल दुखणार, तर चेन्नई, कोची, मणिपालकडे नजर टाका. तिथे या माणसाला काय म्हणायचं आणि त्याच्याकडून काय करून घ्यायचं, हे निदान ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात बाबांना फॉलो-अपला घेऊन गेले होते. ईसीजी नॉर्मल, सर खूश, एकूण वेळ चार मिनिटं (प्रगती आहे!). बाहेर आल्यावर बाबा काउंटरवर थबकले. त्यांनी मॅडमसाठी चितळेंची बाकरवडी आणली होती. रिसेप्शनिस्टने सांगितलं, मॅडमनी जॉब सोडला, आता साताऱ्याकडे स्वतःचा दवाखाना काढलाय. बाबा हातातल्या पुड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग रात्री आता कोण असतं हो इथे?”

“आहेत ना, नवीन आरएमओ आलेत,” ती म्हणाली आणि तिने पुढचा नंबर पुकारला.